शिबिरात व्हायोलिनचे शिक्षक निवडताना आधी तारा विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की सुट्टीतल्या संगीत शिबिरांची नावनोंदणी सुरू होते. पेटीच्या वर्गात शिक्षक बदलले तरी मुलाचे फारसे अडत नाही, कारण पट्ट्या सगळ्या पेट्यांवर त्याच क्रमाने असतात. व्हायोलिनचे तसे नसते. एका शिबिरात व्हायोलिनला तीन शिक्षक असतील आणि तिघेही आपापल्या जागी उत्तम असतील, तरी एखाद्या मुलासाठी त्यांतले एकच योग्य ठरतात. पालक मात्र पत्रकावरचा फोटो, पुरस्कारांची यादी आणि वर्गाची वेळ पाहून नाव लिहितात. मग शिबिराच्या पाच दिवसांतले दोन-तीन दिवस मुलाला जुने विसरायला लावण्यात जातात. आम्ही सोलापुरात व्हायोलिन शिकवणारी आणि साथसंगत करणारी मंडळी आहोत. निवड कशी करावी याबद्दल आपल्या वाचकांपुढे काही गोष्टी मांडू इच्छितो.

नाव घालण्यापूर्वी शिक्षकांना पहिला प्रश्न विचारावा तो हा: “तुम्ही तारा कशा लावता?”

दुकानातून येणारे व्हायोलिन पाश्चात्त्य पद्धतीने लावायचे असते. पेटीच्या पट्ट्यांच्या क्रमांकांत सांगायचे तर जाड तारेकडून बारीक तारेकडे पांढरी 5, पांढरी 2, पांढरी 6 आणि पांढरी 3. पांढरी 2 ला ‘सा’ मानला तर याच चार तारा म-सा-प-रे होतात, आणि काही वादक त्या तशाच ठेवतात. कर्नाटक पद्धतीत सा-प-सा-प लावतात. हिंदुस्थानी वादकांमध्ये सा-प-सा-प आणि प-सा-प-सा या दोन्ही पद्धती आढळतात. ऐकणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही, पण वाजवणाऱ्याच्या बोटांना तो पावलोपावली जाणवतो. मोकळ्या तारेपासून एक पूर्ण स्वर वर पहिले बोट ठेवले, तर म-सा-प-रे मध्ये चार तारांवर अनुक्रमे प, रे, ध, ग असे चार वेगळे स्वर मिळतात. सा-प-सा-प मध्ये तेच बोट रे, ध, रे, ध देते. म्हणजे तिथे दोनच नकाशे पाठ करायचे आणि सप्तक बदलले की तेच पुन्हा वापरायचे. वर्षभर एका नकाशावर हात बसलेले मूल दुसऱ्या नकाशाच्या वर्गात बसले, तर त्याचे बोट सवयीच्या जागी पडते आणि स्वर मात्र भलताच निघतो. मुलाला वाटते आपल्याला येत नाही, आणि शिक्षकांना वाटते पाया कच्चा आहे. दोघांचाही समज चुकीचा असतो.

“मग शिबिरापुरत्या तारा बदलून घेऊ” असा उपाय काही जण सुचवतात. तो दिसतो तितका सोपा नाही. समजा शिक्षकांचा ‘सा’ काळी 1 आहे आणि तारा प-सा-प-सा लावायच्या आहेत. मूळ लावलेली जाड तार अर्धा स्वर चढवावी लागते, मधल्या दोन तारा अर्धा-अर्धा स्वर उतरतात आणि सगळ्यात बारीक तार तीन अर्धस्वर खाली येते. इतकी उतरवलेली बारीक तार सैल पडते, गजाखाली फडफडते आणि जरा दाब पडला की तिचा सूर हलतो. शिवाय खुंट्या पिळताना तारा ब्रिजचा, म्हणजे त्यांना उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीचा, माथा बोटांच्या पट्टीच्या बाजूला ओढतात. ब्रिज वाकू लागला की आवाज बसतो, आणि तो आडवा पडला तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोटातली उभी लाकडी काडीही, निसटू शकतो. तो जागेवर बसवणे घरच्या माणसाचे काम नाही. म्हणून तारा बदलायच्याच असतील तर एका वेळी एकच तार हाताळावी. दोन-तीनदा पिळले की ब्रिज बाजूने पाहावा. शेपटीकडची त्याची बाजू व्हायोलिनच्या पोटाशी काटकोनात उभी हवी. कलला असेल तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच सरळ करावा. हे सगळे शिबिराच्या सकाळी, वीस मुलांच्या गर्दीत करायचे नसते.

दुसरा प्रश्न बैठकीचा. आपल्या संगीतात मांडी घालून, उजवे पाऊल थोडे पुढे काढून, व्हायोलिनचे डोके उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवतात आणि दुसरे टोक डाव्या छातीशी, गळ्याच्या हाडाखाली येते. वाद्य असे दोन ठिकाणी टेकले की डाव्या हातावर त्याचा भार राहत नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, घेताना हात मोकळा सरकतो तो यामुळे. शाळेच्या वाद्यवृंदात किंवा पाश्चात्त्य वर्गात शिकलेले मूल उभे राहून, हनुवटीखाली वाद्य धरते. त्यातही दोष काही नाही. पण त्या मुलाला खाली बसवल्यावर पहिल्या दिवशी डोके घोट्यावरून घसरते, मग ते मूल डाव्या हाताने वाद्याची मान धरून ठेवते, आणि मान धरलेला हात सरकत नाही. शिक्षक मींड शिकवत राहतात आणि मूल एकेका स्वरावर उड्या मारत राहते. ज्या शिक्षकांना हे कारण दिसते ते मींड थांबवून आधी पायाखाली एक घडी सारतात. सोलापुरी चादरीची घट्ट घडी या कामाला चांगली. ती उशीसारखी दबत नाही आणि जाजमावर घसरत नाही. ज्यांचे मूल हनुवटीखाली धरून वाजवते आणि पुढेही तसेच वाजवणार आहे, त्यांनी उभ्याने शिकवणारे शिक्षक असतील तरच नाव घालावे. पाच दिवसांसाठी बैठक बदलू नये.

आपल्या गावात याला आणखी एक पदर आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड ही तिन्ही घरे शेजारी-शेजारी नांदतात. काही घरांत मूल आधीपासून कर्नाटक पद्धतीने शिकत असते आणि शिबिर हिंदुस्थानीचे असते, किंवा याच्या उलट. बैठक दोन्हीकडे जवळपास सारखी असल्यामुळे पालकांना वाटते की फरक नाही. पण कर्नाटक पद्धतीचे पहिले धडे मायामाळवगौळ रागात असतात, म्हणजे आपल्या भैरव थाटाच्या स्वरांत. तिथे पहिले बोट कोमल रिषभावर पडते. हिंदुस्थानी वर्ग बहुधा बिलावल थाटाच्या अलंकारांनी किंवा भूप, यमन अशा रागांनी सुरू होतो, आणि तिथे रिषभ शुद्ध. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर तारेची वाजती लांबी साधारण 325 मिलिमीटर असते. त्यावर कोमल रिषभ वरच्या टोकापासून सुमारे 20 मिलिमीटरवर आणि शुद्ध रिषभ सुमारे 36 मिलिमीटरवर येतो. दीड सेंटिमीटरहून जास्त अंतराची ही सवय आहे. दोन्ही पद्धती जाणणारे शिक्षक असतील तर असे मूल त्यांच्याकडेच द्यावे. तसे कोणी नसेल तर मुलाच्या घरच्या गुरूंना विचारून ठरवावे. त्यांना न सांगता शिबिराला पाठवणे तर मुळीच योग्य नव्हे, कारण पाच दिवसांनंतर मूल त्यांच्याकडेच परत जाणार असते.

आता वर्गातल्या वेळेचा हिशेब. दीड तासाच्या वर्गात आठ मुले असतील तर एकेकाच्या वाट्याला अकरा मिनिटे येतात. वीस असतील तर साडेचार. यात वाद्ये सुरात लावण्याचा वेळ धरलेला नाही. एक व्हायोलिन लावायला सरावलेल्या हातालाही दोन मिनिटे लागतात, म्हणजे वीस वाद्यांची चाळीस मिनिटे, अर्ध्या वर्गाला थोडीच कमी. म्हणून वर्गात किती मुले आहेत आणि वाद्ये लावायला शिक्षकांच्या हाताखाली कोणी आहे का, हे दोन प्रश्न शिक्षकांच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहेत. साधे, फारसे नाव नसलेले शिक्षक आणि समोर आठ मुले, हा वर्ग नामवंत वादक आणि तीस मुलांच्या वर्गापेक्षा नवशिक्यासाठी चांगला. याबाबत आमच्यात दुमत नाही.

शक्य असेल तर नाव पक्के करण्याआधी वीस मिनिटे एखाद्या वर्गात मागे बसून पाहावे. व्हायोलिन येत नसलेल्या पालकालाही बरेच काही कळते. शिक्षक तानपुरा लावल्याशिवाय सुरुवात करतात का? एकेका मुलाला एकट्याने वाजवायला लावतात का? सगळी मुले एकत्र वाजवत असताना चुकीचा स्वर झाकला जातो, शिक्षकांच्या कानापासूनही. ओळ आधी गाऊन दाखवतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, चूक झाल्यावर ते काय करतात?

या शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबतो, कारण शिकवणारा हात इथेच ओळखू येतो. सा-रे-ग-म वाजवताना जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचा मध्यम चढतो. तारेवरची अंतरे पाहिली की कारण कळते. शुद्ध गंधार वरच्या टोकापासून सुमारे 65 मिलिमीटरवर आणि मध्यम 81 वर. रिषभ ते गंधार 29 मिलिमीटर, पण गंधार ते मध्यम फक्त 16. मुलाचे मन सगळी बोटे सारख्या अंतराने ठेवते, म्हणून तिसरे बोट पुढे जाऊन पडते. एक शिक्षक म्हणतात, “मध्यम चढला, परत वाजव.” मूल परत वाजवते, मध्यम परत चढतो. दुसरे शिक्षक म्हणतात, “दुसऱ्या बोटाला तिसरे बोट चिकटव,” आणि मध्यम जागेवर येतो. दोघांचाही कान तयार आहे, पण शिबिरात निवडायचे ते दुसऱ्यांना.

गजाचेही असेच. सूर शिट्टीसारखा निघतो किंवा खरखरतो तेव्हा बहुतेक पालक वाद्याला दोष देतात आणि काही शिक्षक गजाच्या केसांना रोझिन (राळ) लावायला सांगतात. बऱ्याचदा कारण वेगळे असते. गज तारेला काटकोनात न जाता टोकाकडे पट्टीच्या दिशेने घसरतो, कारण मुलाचे कोपर मागे जाते. किंवा अंगठा ताठ असतो, त्यामुळे सगळा हात गजावर दाबला जातो. गजाची पकड, त्याचा वेग, दाब आणि ब्रिजपासूनचे अंतर या चार गोष्टींवर आवाज ठरतो. ज्यांच्या वर्गात पहिले अर्धे-पाऊण तास मोकळ्या तारेवर लांब गज ओढून घेतला जातो, तो वर्ग पालकांना कंटाळवाणा वाटतो. मुलांनाही वाटतो. तरीही नवशिक्याला तिथेच बसवावे. पाचव्या दिवशी स्नेहसंमेलनात एखादे लोकप्रिय गाणे वाजवून दाखवण्याची हमी देणाऱ्या वर्गात डावा हात कसाबसा धावतो आणि उजवा हात बिघडतो. बिघडलेला उजवा हात दुरुस्त करायला महिने लागतात.

थोड्या पुढच्या विद्यार्थ्यांसाठी निवडीचा विचार बदलतो. आपल्याकडे व्हायोलिन मोठे झाले ते मुख्यतः गायनाच्या जवळ राहून. गजाननराव जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. एन. राजम् यांनी ओंकारनाथ ठाकुरांकडून तालीम घेऊन गायकी अंग वाद्यावर आणले. डी. के. दातार यांना द. वि. पलुस्करांचे मार्गदर्शन लाभले. म्हणून मध्यमा, विशारद या संगीत परीक्षांच्या टप्प्यावरच्या मुलाने शिबिरात शक्य असल्यास एक तास गायकांच्या वर्गात, वाद्य बाजूला ठेवून, नुसते गायला बसावे. बंदिशीचा उच्चार, शब्दावर पडणारा जोर, दोन ओळींमधला श्वास हे तिथे मिळते, आणि नंतर तेच गजाच्या वळणात उतरते. लयकारीची ओढ असेल तर तबल्याबरोबर काम करून घेणारे शिक्षक शोधावेत. वि. गो. जोगांचे वादन ऐकलेल्यांना व्हायोलिनच्या लयीत किती ताकद आहे हे वेगळे सांगायला नको.

साथसंगतीकडे जाणाऱ्यांची गरज याहून निराळी आहे, आणि आपल्याकडे भजनी मंडळे, नाट्यगीतांचे कार्यक्रम यांमुळे अशी मुले पुष्कळ आहेत. त्यांना स्वतंत्र वादन करणारे कलाकार जितके उपयोगी, त्याहून अनुभवी साथीदार अधिक उपयोगी. गायकाच्या मागे अर्ध्या मात्रेवर राहणे, तान संपेपर्यंत गज हलका ठेवणे, मोकळी जागा मिळाल्यावरच ती भरणे, गायकाची पट्टी ऐनवेळी बदलली तर तारा किंवा बोटे पटकन कशी बदलायची, हे सगळे त्यांच्याकडेच मिळते. पत्रकावर अशा शिक्षकांचा फोटो बहुधा लहान असतो.

विशारद, अलंकार या पदव्यांबद्दल दोन वाक्ये. त्यांतून वादकाची स्वतःची तयारी कळते, आणि ती आदराची गोष्ट आहे. दहा वर्षांच्या मुलाचा अंगठा कसा वळवायचा हे त्यांतून कळत नाही.

मुलाबरोबर वाद्य पाठवतानाही थोडी काळजी हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीशीच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. लाकूड आकसते, खुंट्या सैल होऊन सुटतात, गजाचे केस आखडतात. गज ताणलेलाच ठेवला तर त्याची काडी वाकते. वाजवताना काडी आणि केस यांच्यामध्ये मधोमध पेन्सिल जाईल एवढीच फट ठेवावी आणि वाजवून झाल्यावर केस पूर्ण सैल करावेत. सुटणारी खुंटी फिरवताना आत दाबत फिरवावी. तरीही सुटली तर खडू किंचित लावून पाहावा. उन्हात उभ्या गाडीत व्हायोलिनची पेटी ठेवू नये, कारण व्हायोलिनचे जोड सरसाचे असतात आणि उष्णतेने ते उघडतात. नवे रोझिन गुळगुळीत असते, ते बारीक सँडपेपरने खरवडल्याशिवाय केसांना लागत नाही, आणि मग मूल पहिल्याच दिवशी आवाज न निघणारे वाद्य घेऊन बसते.

मापही घरीच तपासावे. मुलाचा डावा हात बाजूला सरळ पसरून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजावे. साधारण 23 इंच किंवा जास्त भरले तर पूर्ण मापाचे, 22 इंचांना पाऊण, 20 ला अर्धे, 18 च्या आसपास पाव मापाचे व्हायोलिन. “पुढे वाढेलच” म्हणून मोठे वाद्य दिले की चौथे बोट पोहोचत नाही, मनगट वाकते, आणि कोणतेही शिक्षक निवडले तरी सूर खालीच राहतो.

शिबिर भरवणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे. पत्रकात प्रत्येक व्हायोलिन शिक्षकांच्या नावाखाली एक ओळ छापावी: तारा कशा, ‘सा’ कोणता, बसून की उभ्याने, नवशिके की जाणते, वर्गात जास्तीत जास्त किती मुले. एवढ्या ओळीला छपाईचा खर्च वाढत नाही. वाद्ये लावायला प्रत्येक वर्गात एखादा जाणता विद्यार्थी बसवावा आणि वर्गाच्या अर्धा तास आधी मुलांना बोलवावे. पहिल्या दिवशी सगळ्या शिक्षकांचे वर्ग पालकांसाठी वीस-वीस मिनिटे खुले ठेवावेत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वर्ग बदलण्याची मुभा द्यावी, शिक्षकांनी त्याचे वाईट वाटून न घेता. स्वतःहून “हे मूल माझ्यापेक्षा शेजारच्या वर्गात अधिक शिकेल” असे सांगणारे शिक्षक भेटले, तर पुढच्या वर्षी आपल्या धाकट्यासाठी त्यांचे नाव आधी लिहून ठेवावे.

शेवटच्या दिवशी मुलाच्या वहीत शिक्षकांकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: उजव्या हाताचा एक दोष, डाव्या हाताचा एक दोष आणि रोज पंधरा मिनिटे वाजवायचा एक पलटा. तारा कशा लावल्या होत्या हेही त्याच पानावर लिहावे, म्हणजे घरच्या गुरूंना पान उघडताच कळेल की मूल कुठून आले आहे.

आपले,
काही व्हायोलिन शिक्षक आणि साथीदार,
सोलापूर